तिबेटी धार्मिक चित्रकलेतील सिद्ध : व्यवसाय, चमत्कार आणि गुरुपरंपरा यांच्या चित्रणाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

भारतातील बौद्ध धर्माच्या अखेरच्या पर्वाचा, म्हणजे साधारणतः इ. स. च्या आठव्या ते बाराव्या शतकाचा विचार करताना नालंदा, विक्रमशील, सोमपुरी यांसारखी महाविहारे आणि त्यांना आश्रय देणारे पाल राजे यांच्याकडे अभ्यासकांचे लक्ष प्रथम जाते. परंतु याच काळात विहारांच्या भिंतींबाहेर, स्मशानात, नदीकाठी, बाजारात आणि कारागिरांच्या वस्तीत साधकांचा एक वेगळा वर्ग उदयास आला. हे साधक 'सिद्ध' किंवा 'महासिद्ध' या नावाने ओळखले जातात. त्यांत राजे, ब्राह्मण व भिक्षू होते, तसेच चांभार, विणकर, परीट, कुंभार, लोहार, कोळी आणि भिकारीही होते. बाराव्या-तेराव्या शतकांत पूर्व भारतातील महाविहारे उद्ध्वस्त झाली व बौद्ध सिद्धांची स्मृती भारतात क्षीण होत गेली. हिमालयाच्या पलीकडे, तिबेटमध्ये मात्र ती ग्रंथांत आणि त्याहूनही ठळकपणे चित्रांत टिकून राहिली.

तिबेटी मठांच्या भिंतींवर आणि 'थंका' या नावाने परिचित असलेल्या गुंडाळपटांवर हे सिद्ध आजही दिसतात. वाघिणीवर बसलेला, मांडीवर कुत्री घेतलेला, आकाशातील सूर्याकडे बोट रोखलेला, बाण पारखणारा अशा त्यांच्या प्रतिमा प्रथमदर्शनी विलक्षण वाटतात. कलेच्या इतिहासात त्यांची चर्चा बहुधा शैली व कालनिश्चिती या अंगांनी झालेली आहे. समाजेतिहासाच्या दृष्टीने मात्र त्यांच्यापुढे एक मूलभूत प्रश्न उभा राहतो. विहाराबाहेरच्या, अनेकदा विहाराने नाकारलेल्या या माणसांना विहाराच्याच भिंतीवर मानाचे स्थान का मिळाले? आणि ते मिळताना त्यांचे काय टिकले व काय बदलले? प्रस्तुत शोधनिबंधात या प्रश्नाचा विचार केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१. तिबेटी चित्रकलेतील सिद्धप्रतिमांची साहित्यिक व ऐतिहासिक पार्श्वभूमी स्पष्ट करणे.
२. या प्रतिमांतील देह, वेश, अवजारे व चमत्कार यांच्या चित्रणसंकेतांचे विश्लेषण करणे.
३. गुरुपरंपरा सिद्ध करण्याच्या कार्यात या प्रतिमांची भूमिका तपासणे.
४. सिद्धांची स्मृती आणि महाराष्ट्रातील नाथ परंपरा यांचा संबंध लक्षात आणून देणे.

चौऱ्याऐंशी सिद्धांची परंपरा :

सिद्धांची संख्या परंपरेने चौऱ्याऐंशी मानली जाते. ही संख्या काटेकोर गणनेची नसून पूर्णत्वाची द्योतक आहे. चौऱ्याऐंशी लक्ष योनी, चौऱ्याऐंशी आसने या भारतीय कल्पनांशी तिचे नाते उघड आहे. म्हणूनच तिबेटमध्ये चौऱ्याऐंशी सिद्धांची एकच सर्वमान्य यादी आढळत नाही. एका यादीतील नावे दुसरीत नसतात, क्रम बदलतो, एकाच व्यक्तीच्या दोन व्यक्ती होतात आणि दोहोंची एकही होते.

यांपैकी सर्वाधिक प्रसिद्ध यादी अभयदत्तश्री या भारतीय पंडिताच्या 'चतुरशीतिसिद्धप्रवृत्ति' या ग्रंथातील आहे. ग्रंथाचा काळ अकरावे-बारावे शतक मानला जातो. मूळ संस्कृत ग्रंथ उपलब्ध नाही. मोन्द्रुप शेरब याने केलेले तिबेटी भाषांतर तेवढे उपलब्ध आहे. या ग्रंथाची रचना ध्यानात घेण्यासारखी आहे. बहुतेक कथांच्या आरंभी सिद्धाचे गाव किंवा देश आणि त्याची जात सांगितलेली असते. त्यानंतर त्याच्या आयुष्यातील पेच येतो, मग एखादा योगी भेटतो आणि उपदेश करतो. हा उपदेश अनेकदा त्या माणसाच्या व्यवसायातूनच उचललेला असतो. परटाला कोळसा धुऊन पांढरा होतो का, असे विचारले जाते. लोहाराला भट्टी व भाता यांच्या रूपकातून देहातील नाड्यांची साधना सांगितली जाते. कुंभाराला त्याच्या चाकावरूनच बोध होतो. म्हातारपणामुळे मुलांनी घराबाहेरच्या झोपडीत ठेवलेल्या तंतिपा या विणकरास जालंधर भेटतो व त्याचा गुरू होतो. व्यवसाय सोडून संन्यास घ्या, असा या कथांचा सर्वसाधारण आदेश नाही. व्यवसायातूनच मुक्तीची वाट निघते, हे त्यांचे मुख्य सूत्र आहे. बारा वर्षांची साधना आणि अखेर सदेह गमन हे शेवटही वारंवार येतात.

या सिद्धांची भारतीय स्मृती पूर्णतः पुसली गेली होती असे नाही. हरप्रसाद शास्त्री यांना १९०७ मध्ये नेपाळच्या राजग्रंथालयात चर्यागीतांची पोथी मिळाली व १९१६ मध्ये त्यांनी ती प्रसिद्ध केली. त्या गीतांच्या कर्त्यांत लुईपा, कान्हपा, सरह, शबरपा, कुक्कुरीपा, भुसुकु ही नावे आढळली. १९२९ ते १९३८ या काळात राहुल सांकृत्यायन यांनी तिबेटच्या चार यात्रा केल्या, तेथून पोथ्या व चित्रपट आणून पाटणा संग्रहालयास दिले आणि १९५७ मध्ये सरहाचा 'दोहाकोश' प्रसिद्ध केला. या प्रयत्नांमुळे तिबेटी चित्रांत दिसणारी अनेक नावे पूर्व भारतातील भाषांच्या आद्य कवींचीही नावे आहेत, ही गोष्ट स्पष्ट झाली.

चित्रणाची प्रमुख उदाहरणे :

सिद्धांच्या चित्रणाचे एक महत्त्वाचे प्राचीन उदाहरण आजच्या भारताच्या हद्दीतच आहे. लडाखमध्ये लेहच्या पश्चिमेस सिंधूच्या काठी आल्ची येथे सुमचेक नावाचे तीन मजली मंदिर आहे. त्याचा काळ बाराव्या शतकाची अखेर ते तेराव्या शतकाचा आरंभ असा मानला जातो. मंदिरात मैत्रेय, अवलोकितेश्वर व मंजुश्री यांच्या उंच मृण्मय मूर्ती आहेत आणि त्यांच्या धोतरांवर सूक्ष्म चित्रे रंगविली आहेत. मैत्रेयाच्या धोतरावर बुद्धचरित्र, अवलोकितेश्वराच्या धोतरावर मंदिरे व प्रासाद, तर मंजुश्रीच्या धोतरावर चौऱ्याऐंशी सिद्ध आहेत. प्रज्ञेच्या बोधिसत्त्वाने सिद्धांची मालिका वस्त्रावर धारण करावी, ही योजना सिद्धांना त्या काळी प्राप्त झालेली प्रतिष्ठा दर्शविते.

दुसरे महत्त्वाचे उदाहरण मध्य तिबेटातील ग्यान्त्से येथील आहे. तेथील राजा रबतेन कुनझंग फक याच्या आश्रयाने १४१८ पासून पेल्खोर चोदे या मठाच्या मुख्य मंदिराचे काम सुरू झाले. त्याच्या वरच्या मजल्यावरील 'लामद्रे' दालनात साधारणतः १४२५ च्या सुमारास भिंतींवर चौऱ्याऐंशी सिद्ध चितारले गेले. 'लामद्रे' म्हणजे 'मार्ग आणि फल'. शाक्य पंथाची ही प्रमुख साधनाप्रणाली होय. दालनात या प्रणालीच्या गुरुपरंपरेतील आचार्यांच्या मूर्ती आहेत आणि त्यांच्या भोवती भिंतींवर सिद्ध आहेत. प्रतिष्ठित आचार्य आणि भटके सिद्ध यांची ही एकत्र मांडणी पुढील विवेचनाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे.

पंधराव्या शतकातच ङोरचेन कुंगा झंगपो (१३८२–१४५६) याने १४२९ मध्ये ङोर मठाची स्थापना केली. या मठासाठी काठमांडूच्या खोऱ्यातील नेवार चित्रकारांनी पट रंगविले. तांबड्या पार्श्वभूमीवरील दाट वेलबुट्टी व कोनाड्याकोनाड्यांत बसविलेल्या आकृती ही या शैलीची वैशिष्ट्ये आहेत. याउलट पूर्व तिबेटातील खाम प्रदेशात पालपुंग मठाचा संस्थापक सितु पांचेन (१७००–१७७४) याने आठ महासिद्धांचा संच तयार करून १७२६ मध्ये देर्गेचा राजा तेनपा छेरिंग यास भेट दिला. या परंपरेतील चित्रांत चिनी निसर्गचित्रणाचा प्रभाव आहे. आकृती थोड्या व लहान असून भोवती मोकळे आकाश, टेकड्या, पाणी आणि वृक्ष दिसतात. विषय एकच असला, तरी ङोरचा सिद्ध वेलबुट्टीच्या कोनाड्यात बसलेला दिसतो आणि पालपुंगचा सिद्ध मोकळ्या रानात. प्रत्येक काळाने व प्रदेशाने सिद्धाला आपल्या परीने पाहिले, याचे हे प्रत्यंतर होय.

देह, वेश आणि अवजार :

तिबेटी चित्रकलेत बुद्ध, बोधिसत्त्व व देवता यांच्या आकृती ठरावीक मापांच्या रेघांच्या जाळीवर बेतल्या जातात. मस्तकाची उंची, खांद्यांची रुंदी, हातांचे स्थान यांत चित्रकाराला फारसे स्वातंत्र्य नसते, कारण मापात चूक झाली तर प्रतिमा पूजेस अयोग्य ठरते, अशी श्रद्धा आहे. सिद्ध हे मनुष्य असल्याने त्यांच्या बाबतीत हे बंधन बरेच शिथिल होते. परिणामी सिद्धांच्या चित्रांत मानवी देह त्याच्या सर्व विविधतेसह अवतरला. सुटलेले पोट, छातीवरील केस, वाढलेली दाढी, खोल गेलेले गाल, विस्फारलेले डोळे, वाकडी बसण्याची ढब, हसू, राग, धुंदी हे सर्व येथे दिसते. तिबेटी चित्रकाराला माणूस रंगविण्याची जी मोजकी क्षेत्रे उपलब्ध होती, त्यांत सिद्धचित्रणाचा क्रम वरचा लागतो.

या देहाला काही निश्चित खुणा जोडलेल्या असतात. सावळी किंवा काळी त्वचा व मोठे गोल डोळे या भारतीयत्वाच्या खुणा होत. कोरलेल्या हाडांचे अलंकार, कवटीचे पात्र, डमरू, खट्वांग, व्याघ्राजिन किंवा मृगाजिन ही कापालिक साधनेची चिन्हे होत. कंबर व गुडघे यांभोवती बांधलेला योगपट्ट दीर्घकाळच्या ध्यानाचा निदर्शक आहे. भिक्षूचे काषाय वस्त्र व मुंडित मस्तक यांचा बहुधा अभाव असतो. तो अभाव हीच एक खूण आहे. ही व्यक्ती विहाराच्या शिस्तीबाहेरची आहे, हे पाहणाऱ्याला त्यावरून तत्काळ कळते. षोडश अर्हतांच्या चित्रांशी तुलना केल्यास हा फरक ठळक होतो. अर्हतही तपस्वी व ऋद्धिमान असतात, परंतु त्यांच्या अंगावर भिक्षूची वस्त्रे असतात.

या सामान्य खुणांशिवाय प्रत्येक सिद्धाची स्वतंत्र ओळख असते. सरहाच्या हातात बाण असतो, कारण तो बाण बनविणाऱ्या स्त्रीबरोबर राहिला. तिलोपाच्या हातात मासा असतो. लुईपा माशांच्या आतड्यांच्या ढिगाजवळ बसलेला दिसतो. कथेनुसार तो राजपुत्र होता आणि उच्चनीचतेचा अभिमान जाळण्यासाठी त्याने कोळ्यांनी फेकलेली आतडी बारा वर्षे खाल्ली. कुक्कुरीपाच्या मांडीवर कुत्री असते. कान्हपाच्या डोक्यावर छत्रे व डमरू तरंगतात. चांभार, विणकर, लोहार, कुंभार हे आपापल्या अवजारांसह येतात. नाव लिहिलेले नसले, तरी अवजारावरून सिद्ध ओळखता येतो.

येथे एक महत्त्वाचा मुद्दा संभवतो. भारतीय समाजव्यवस्थेत ज्या अवजाराने माणसाची जात आणि तिच्याबरोबर तिचे हीनत्व कळत असे, तेच अवजार तिबेटी चित्रात त्याच्या सिद्धत्वाची खूण झाले. देवतेच्या हातात वज्र किंवा पद्म असते, त्याच जागी या चित्रांत आरी किंवा भाता येतो. अवजार टाकून दिल्यानंतरचा नव्हे, तर अवजार हाती असलेला माणूस पूज्य ठरतो. ग्रंथातील सूत्र चित्राने असे दृश्य केले.

मात्र यावरून तिबेटी समाजाविषयी घाईने अनुमान काढता येणार नाही. पारंपरिक तिबेटी समाजातही लोहार, खाटीक व प्रेते हाताळणारे लोक हीन मानले जात. त्यांच्याशी विवाहसंबंध टाळले जात. भिंतीवरील भारतीय लोहाराला नमस्कार करणारा समाज आपल्या गावातील लोहाराला दूर ठेवीत होता. चित्राने जातिव्यवस्थेवर प्रश्न उपस्थित केला, परंतु तो दूरच्या देशाच्या व दूरच्या काळाच्या संदर्भात. दूरत्वामुळेच तो प्रश्न मठाला पेलवला, असे म्हणता येईल. सिद्धप्रतिमांना सामाजिक समतेचा थेट पुरावा मानणाऱ्या मांडणीला ही मर्यादा लक्षात घ्यावी लागते.

चमत्कारांचे चित्रण :

सिद्ध या शब्दातच सिद्धीचा अर्थ आहे. खड्गसिद्धी, अंजनसिद्धी, पादलेपाने शीघ्र गमन, अदृश्य होणे, रसायन, आकाशगमन इत्यादी सिद्धींची गणना तंत्रग्रंथांत येते आणि अनेक सिद्ध त्यांपैकी एखादीशी निगडित आहेत. चोरीचा धंदा करणाऱ्या खड्गपाच्या हाती सिद्ध तलवार येते. व्यालिपा हा रसायन करणारा आहे. घंटापा आपल्या सहचारिणीसह आकाशात उडतो. परंतु चित्रांतील चमत्कारांकडे केवळ अद्भुत म्हणून पाहिल्यास त्यांचा आशय निसटतो. बहुतेक चमत्कार एखाद्या सामाजिक संघर्षाच्या क्षणी घडतात.

डोंबी हेरुकाचे उदाहरण घेता येईल. तो मगधाचा राजा होता. त्याने डोंब जातीच्या मुलीला गुप्तपणे आपली साधनासखी केले. ही गोष्ट उघड झाल्यावर प्रजेने विरोध केला व त्याला राज्य सोडावे लागले. बारा वर्षांनी प्रजेने त्याला परत बोलाविले, तेव्हा तो त्या स्त्रीसह वाघिणीवर बसून आणि हातात सापाचा चाबूक घेऊन अरण्यातून बाहेर आला. जातिसंकराचा दोष जाळण्यासाठी आपणास अग्नीत घालावे, असे त्याने सुचविले. अग्नी कित्येक दिवस जळत राहिला आणि दोघेही त्यात अक्षत दिसले. चित्रकार यांतील वाघिणीचा प्रसंग निवडतात. ज्या स्त्रीमुळे राज्य गेले, ती स्त्री चित्रात त्याच्यासोबत वाघिणीवर बसलेली असते. चमत्काराचा रोख जातिभेदाच्या नियमाकडे आहे, हे या निवडीवरून स्पष्ट होते.

विरूपाचे चित्रण याहूनही अधिक बोलके आहे. अभयदत्तश्रीच्या ग्रंथानुसार विरूपा सोमपुरी विहारातील भिक्षू होता. सोमपुरी म्हणजे आजच्या बांगलादेशातील पहाडपूर. पाल राजा धर्मपाल याने हा विहार उभारला होता. विरूपाने बारा वर्षे जप केला, पण स्वप्नातही फळ दिसले नाही. तेव्हा उद्वेगाने त्याने जपमाळ शौचकुंडात टाकली आणि त्यानंतरच देवीने त्याला दर्शन दिले. पुढे तो मद्य व मांस सेवन करू लागल्यामुळे संघाने त्याला विहाराबाहेर काढले. तो जवळच्या तळ्यातील कमळपत्रांवर पाय ठेवून चालत गेला. हे पाहून भिक्षूंना पश्चात्ताप झाला. शाक्य पंथाच्या परंपरेत हीच कथा नालंदेत घडते व विरूपा तेथील मोठा आचार्य असतो. विहाराचे नाव बदलले, तरी बहिष्काराचा प्रसंग कायम राहिला आहे.

चित्रकारांनी विरूपाच्या आयुष्यातील जो प्रसंग सर्वाधिक रंगविला, तो मात्र मद्यपानगृहातील आहे. विरूपा मद्य पीत बसतो आणि कलालीण पैसे मागते. सूर्य मावळल्यावर पैसे देईन, असे सांगून तो बोट रोखून सूर्याला आकाशातच थांबवितो व पीत राहतो. अखेर राजाला हिशेब चुकता करावा लागतो, तेव्हा सूर्य पुढे सरकतो. चित्रात सावळा, स्थूल, फुलांच्या माळा घातलेला विरूपा कवटीपात्र हाती धरून दुसऱ्या हाताची तर्जनी उंचावतो. समोर पात्र भरणारी स्त्री असते व वर सूर्य असतो. ही प्रतिमा चित्रांपुरती सीमित राहिली नाही. चीनच्या मिंग सम्राट योंगले याच्या कारकिर्दीत (१४०३–१४२४) घडविलेली विरूपाची सोनेरी मुलाम्याची मूर्तीही उपलब्ध आहे.

गुरुपरंपरेचा पट :

विहाराने हाकललेला हा मद्यपी शाक्य मठांच्या पटांत सन्मानाच्या जागी का बसला, याचे उत्तर गुरुपरंपरेत सापडते. दहाव्या-अकराव्या शतकांत तिबेटमध्ये बौद्ध धर्माचे दुसरे प्रसारण सुरू झाले, तेव्हा अनेक नवी घराणी व मठ उदयास आले. कोन घराण्यातील कोंचोक ग्याल्पो (१०३४–११०२) याने १०७३ मध्ये शाक्य मठ स्थापन केला. या मठांमध्ये आपल्याकडील शिकवण अस्सल आहे हे दाखविण्याची चुरस होती. अस्सलपणाची कसोटी एकच होती, ती म्हणजे शिकवणीचा धागा भारतापर्यंत अखंड पोहोचला पाहिजे. शाक्य पंथाचा धागा कोंचोक ग्याल्पोकडून द्रोकमी या भाषांतरकाराकडे, त्याच्याकडून गयाधर या भारतीय पंडिताकडे आणि मधल्या गुरूंमार्फत विरूपाकडे जातो. विरूपाला ती शिकवण नैरात्म्या देवीकडून मिळाली. काग्यू पंथाचा धागा मिलारेपा, मार्पा, नारोपा व तिलोपा यांच्यामार्गे वज्रधर बुद्धापर्यंत जातो.

ही साखळी पटावर काटेकोरपणे मांडली जाते. मध्यभागी मुख्य आचार्य किंवा देवता असते. वरच्या ओळीत आदिबुद्ध वज्रधरापासून आरंभ होऊन गुरू क्रमाने डावीकडे-उजवीकडे येतात व कडेने खाली उतरतात. पटकर्त्याच्या गुरूपाशी ही साखळी अनेकदा संपते. म्हणूनच शेवटच्या गुरूच्या ज्ञात काळावरून पटाचा काळ ठरविण्याची पद्धती कलेतिहासकारांनी विकसित केली आहे. असा पट म्हणजे एका अर्थाने पंथाचा वारसाहक्काचा कागद असतो. मठाधिपती आपल्या अधिकाराची साक्ष त्यातून देतो.

या व्यवस्थेत सिद्धाचे स्थान विरोधाभासात्मक आहे. साखळीच्या वरच्या टोकाला नियम मोडणारा, गृहहीन, बहिष्कृत मनुष्य असतो आणि खालच्या टोकाला जमीन, कोठारे व राजाश्रय असलेला मठाधिपती असतो. सिद्धाचे स्वैर वर्तन जितके विलक्षण, तितकी त्याची सिद्धी निःसंशय आणि तितका साखळीचा अधिकार बळकट, असा हा हिशेब होता. त्याच वेळी मठातील सामान्य भिक्षूने विरूपाप्रमाणे वागू नये, हेही मठाला हवे होते. सिद्ध भूतकाळात व परदेशात असल्यामुळे तो अनुकरणाचा नव्हे, तर वंदनाचा विषय ठरला. ग्यान्त्सेच्या दालनात आचार्यांभोवती सिद्ध चितारले गेले, त्यामागे हीच भूमिका दिसते. ज्या संस्थेच्या प्रतिरूपाने सिद्धाला बाहेर काढले होते, तिनेच त्याला आपल्या पायाचा दगड केले.

तिबेटी तपस्वी आणि स्त्रीसिद्ध :

भारतीय सिद्धांच्या या प्रतिमेने तिबेटी तपस्व्यांच्या चित्रणालाही वळण दिले. याचे सर्वोत्तम उदाहरण म्हणजे अकराव्या-बाराव्या शतकातील मिलारेपा. तो पांढऱ्या सुती वस्त्रात, गुहेपुढे, उजवा हात कानाशी नेऊन गात असलेला दिसतो. कित्येक चित्रांत त्याच्या अंगावर हिरवट छटा असते. वर्षानुवर्षे खाजकुइलीसारख्या खाजऱ्या रानपाल्यावर राहिल्यामुळे त्याचे शरीर हिरवे झाले, अशी कथा आहे. त्याच्या निधनानंतर सुमारे साडेतीनशे वर्षांनी, १४८८ मध्ये, छंगन्योन हेरुका (१४५२–१५०७) याने त्याचे चरित्र सिद्ध केले. छंगन्योन हा स्वतः मठ सोडून हाडांचे अलंकार धारण करणारा फिरता योगी होता व त्याच्या नावाचा अर्थच 'छंग प्रांतातील वेडा' असा आहे. या चरित्राच्या आधारे मिलारेपाच्या जीवनाचे चित्रसंच तयार झाले. कैलासावर बोन पुरोहिताशी झालेली स्पर्धा हा त्यांतील लोकप्रिय प्रसंग आहे. बोन पुरोहित ढोलावर बसून उडतो, तर मिलारेपा सूर्योदयाच्या किरणांबरोबर शिखरावर पोहोचतो. येथे चमत्काराचा रोख जातीकडे नाही, तर पवित्र पर्वतावरील दोन धर्मांच्या हक्काकडे आहे. तिबेटच्या भूमीवर चमत्काराचे प्रयोजन असे बदलले.

चौऱ्याऐंशीच्या यादीत मणिभद्रा, लक्ष्मींकरा, मेखला व कनखला या चारच स्त्रिया आहेत. लक्ष्मींकरा ही राजकन्या वेडाचे सोंग घेऊन विवाह टाळते व स्मशानाजवळ राहते. तिचा शिष्य राजवाड्यातील शौचकूप साफ करणारा असतो. मेखला व कनखला या बहिणी गुरू कान्हपाला स्वतःची मस्तके कापून अर्पण करतात व पुन्हा पूर्ववत होतात. चित्रांत त्या मस्तक हाती घेऊन नाचताना दिसतात. अन्य असंख्य चित्रांत स्त्री केवळ सिद्धाची सहचारिणी म्हणून व बहुधा नावावाचून येते. सरहाची बाण बनविणारी गुरुस्थानीय स्त्री आणि डोंबी हेरुकाची सखी यांची व्यक्तिनामे परंपरेत रूढ झाली नाहीत. जातीच्या संदर्भात उदार असणारी ही स्मृती स्त्रियांच्या संदर्भात तेवढी उदार नाही, ही नोंद आवश्यक आहे.

नाथ परंपरा आणि महाराष्ट्र :

तिबेटी सिद्धांच्या यादीतील मीनपा, गोरक्ष, चौरंगी, जालंधर, कान्हपा व चर्पटी ही नावे मराठी वाचकाला अपरिचित नाहीत. मच्छिंद्रनाथ, गोरक्षनाथ, चौरंगीनाथ, जालिंदरनाथ, कानिफनाथ व चर्पटीनाथ या रूपांत ती महाराष्ट्रात घरोघरी पोहोचली आहेत. धुंडिसुत मालू याच्या १८१९ मधील 'नवनाथ भक्तिसार' या पोथीने त्यांना लोकमानसात स्थिर केले. रा. चिं. ढेरे यांनी 'नाथ संप्रदायाचा इतिहास' या १९५९ मधील ग्रंथात या परंपरेचा साक्षेपी शोध घेतला. रत्नागिरी जिल्ह्यातील पन्हाळेकाजी येथील लेण्यांत वज्रयानी बौद्धांचे व त्यानंतर नाथपंथीयांचे अवशेष एकाच ठिकाणी आढळले आहेत. म. न. देशपांडे यांच्या संशोधनाने ते प्रकाशात आले.

चौरंगीची कथा या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. अभयदत्तश्रीच्या ग्रंथात सावत्र आईच्या खोट्या आळामुळे राजपुत्राचे हातपाय तोडले जातात, गोरक्ष हा गुराखी त्याची सेवा करतो आणि बारा वर्षांच्या साधनेनंतर त्याचे अवयव पुन्हा उगवतात. ज्ञानदेवांनी शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्ये सिद्ध केलेल्या 'ज्ञानेश्वरी'च्या अखेरीस आपली गुरुपरंपरा सांगताना सप्तशृंगीवर मत्स्येंद्राच्या भेटीने भग्नावयव चौरंगी पूर्ण झाल्याचा उल्लेख केला आहे. एकच कथा एकीकडे तिबेटी भिंतीवर बौद्ध सिद्धाची म्हणून रंगविली गेली आणि दुसरीकडे नाशिक जिल्ह्यातील एका डोंगराशी निगडित होऊन वारकरी परंपरेच्या आद्य ग्रंथात शैव नाथाची म्हणून आली. दोन्हीकडे तिचे कार्य समान आहे, ते म्हणजे गुरुपरंपरेची साक्ष देणे. सिद्ध मूळचे बौद्ध की शैव, हा वाद अनेकदा होतो. परंतु ही उदाहरणे पाहता त्या काळी स्मशानात व गावकुसाबाहेर वावरणाऱ्या साधकांमध्ये पंथांच्या सीमा आजच्याइतक्या घट्ट नव्हत्या, असे म्हणणे अधिक युक्त ठरते. तिबेटी इतिहासकार तारनाथ (१५७५–१६३४) याचा भारतीय गुरू बुद्धगुप्तनाथ हा आरंभी नाथपंथी योगी होता, ही वस्तुस्थितीही याच निष्कर्षाला पुष्टी देते.

निष्कर्ष :

१. तिबेटी चित्रांतील सिद्ध ही आठव्या ते बाराव्या शतकांतील भारतीय व्यक्तींची प्रत्यक्षदर्शी व्यक्तिचित्रे नव्हेत. भारताकडून काय हवे होते याविषयीच्या तिबेटी गरजांचे ते प्रथम दर्जाचे पुरावे आहेत. इतिहासाचे साधन म्हणून त्यांचा उपयोग करताना हा भेद पाळणे आवश्यक आहे.

२. जात दर्शविणारे अवजार हेच सिद्धत्वाचे चिन्ह करून या चित्रांनी श्रमिक माणसाला पूज्य स्थान दिले. तथापि हे स्थान दूरच्या काळातील व देशातील श्रमिकाला मिळाले. तिबेटमधील समकालीन श्रमिकाच्या सामाजिक दर्जात त्यामुळे बदल झाला नाही.

३. चमत्कारांची चित्रे अद्भुताच्या हौसेपोटी निर्माण झालेली नाहीत. डोंबी हेरुकाच्या बाबतीत जात, विरूपाच्या बाबतीत विहाराची शिस्त आणि मिलारेपाच्या बाबतीत धर्मस्थळावरील हक्क असे निश्चित संघर्ष त्यांच्या मुळाशी आहेत.

४. बहिष्कृत सिद्ध व प्रतिष्ठित मठ यांना गुरुपरंपरेच्या पटाने एका साखळीत गुंफले. मठाने सिद्धाला स्वीकारले ते त्याला अनुकरणीय न ठेवता वंदनीय करून.

५. महाराष्ट्रातील नाथकथा व तिबेटी सिद्धकथा यांचा एकत्रित अभ्यास व्हावयास हवा. १९६६ ते १९७६ या काळातील सांस्कृतिक क्रांतीत ङोरसारखे मठ उद्ध्वस्त झाले व अनेक पट मूळ स्थानापासून दूर जाऊन जगभरच्या संग्रहांत विखुरले गेले. संचातला एक सुटा पट गुरुपरंपरेच्या साखळीतील आपले स्थान सांगू शकत नाही. अशा स्थितीत त्या प्रतिमांमागील कथांचे वाचन हेच त्यांचा हरवलेला संदर्भ परत मिळविण्याचे एक भरवशाचे साधन उरते. त्या कथांतील कित्येक नावे मराठीत आजही जिवंत असल्यामुळे या कामात मराठी अभ्यासकांना मोलाची भर घालता येईल.